विश्लेषण : अंडाशयाच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी का चालत नाही? जनुके काय सांगतात?

शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या इम्युनोथेरपीने गेल्या दशकभरात मेलानोमापासून फुप्फुसाच्या कर्करोगापर्यंत अनेक आजारांतील उपचार बदलून टाकले. २०१८ मध्ये जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना त्यासाठी वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. नेमक्या त्याच वर्षी अंडाशयाच्या कर्करोगावर याच प्रकारच्या ‘अॅवेलुमॅब’ या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या फसल्या. एका आजारात जीवदान देणारे औषध दुसऱ्या आजारात हात का टेकते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधकांना दोन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आढळल्या. पेशीतला डीएनए कोणत्या पद्धतीने मोडतो आणि प्रतिकारशक्तीचे सैनिक गाठीत शिरतात की बाहेरच अडतात, या त्या दोन गोष्टी.

हा कर्करोग उशिरा का कळतो?

‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात अंडाशयाच्या कर्करोगाचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३३ हजार महिलांचा त्याने मृत्यू झाला. रुग्णसंख्येच्या तुलनेत मृत्यूंचा हा आकडा फार मोठा आहे आणि त्याचे मुख्य कारण उशिरा होणारे निदान. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांतच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही या आजाराची लक्षणे. घरोघरी त्यांना ‘अॅसिडिटी’ किंवा ‘गॅस’ म्हटले जाते, पाळी जाण्याच्या वयाकडे बोट दाखवले जाते आणि महिनोन् महिने निघून जातात. बहुतेक रुग्णांमध्ये निदान होते तेव्हा आजार अंडाशयाबाहेर पोटभर पसरलेला असतो.

मग स्तनाच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफी असते तशी चाळणी-तपासणी इथे का नाही? ती करून पाहिली गेली. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून अधिक महिलांना एका चाचणीत सामील करून घेण्यात आले. काहींची दरवर्षी ‘सीए-१२५’ ही रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी आणि उरलेल्यांची नेहमीचीच देखभाल, अशी विभागणी होती. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले. रक्ततपासणीच्या गटात काही कर्करोग लवकर सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य महिलांनी केवळ खबरदारी म्हणून ‘सीए-१२५’ करून घेण्याचा सल्ला आज तज्ज्ञ देत नाहीत. आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये ही चाचणी सर्रास दिसते, ही गोष्ट वेगळी.

कर्करोग अंडाशयाचा, पण सुरुवात कुठे?

अंडाशयाचा कर्करोग हा एकच आजार नाही. त्याच्या प्रकारांत सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक बळी घेणारा प्रकार म्हणजे ‘हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा’. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. गंमत अशी, की यातील बहुतेक गाठींचा उगम अंडाशयात होतच नाही. २००१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी आनुवंशिक धोका असलेल्या महिलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या बीजनलिका (फॅलोपियन ट्यूब) बारकाईने तपासल्या. नलिकांच्या अस्तरात कर्करोगपूर्व बदल दिसले, अंडाशय मात्र साफ होते. पुढे बोस्टनमधील पॅथॉलॉजिस्टनी नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी हे बदल पुन:पुन्हा दाखवले. अंडाशयाला टेकलेल्या या टोकावरून सुटलेल्या पेशी अंडाशयावर आणि पोटाच्या आतील आवरणावर जाऊन रुजतात. म्हणजे अनेक दशके डॉक्टर ज्या अवयवात आजाराची सुरुवात शोधत होते, तो बहुतेकदा दुसरा मुक्काम होता.

या गाठींचा जनुकीय नकाशा २०११ मध्ये ‘द कॅन्सर जीनोम अॅटलास’ या अमेरिकी प्रकल्पाने ‘नेचर’मध्ये मांडला. ४८९ गाठींच्या त्या अभ्यासात ९६ टक्के गाठींमध्ये ‘टीपी५३’ हे जनुक बिघडलेले आढळले. पेशीचा डीएनए खराब झाला की तिचे विभाजन थांबवणे किंवा तिला संपवणे हे या जनुकाचे काम. हा पहारेकरी गेल्यावर पेशी मोडका डीएनए घेऊनच वाढत राहते. याशिवाय जवळपास निम्म्या गाठींमध्ये डीएनए-दुरुस्तीच्या एका महत्त्वाच्या यंत्रणेत दोष दिसला. बीआरसीए जनुके याच यंत्रणेचा भाग आहेत.

बीआरसीए जनुके नेमके काय करतात?

डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले तर पेशीसाठी ते मोठे संकट असते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके अशी तूट अचूक सांधण्यासाठी लागणारी प्रथिने तयार करतात. ही जनुके प्रत्येकाच्या शरीरात असतात. ‘तिला बीआरसीए आहे’ असे बोलले जाते तेव्हा त्याचा अर्थ, तिच्यात या जनुकाची एक प्रत जन्मापासून सदोष आहे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए-१ हे १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवून दिले. स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत एकाच जनुकामुळे उतरू शकतो, हे तोवर अनेक शास्त्रज्ञांना पटत नव्हते.

सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता एक-सव्वा टक्का. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए-१ सदोष असलेल्या स्त्रियांमध्ये वयाच्या ८० वर्षांपर्यंत ती ४४ टक्के, तर बीआरसीए-२ सदोष असल्यास १७ टक्के असते. अभिनेत्री अँजेलिना जोलीची आई ५६व्या वर्षी या कर्करोगाने गेली. जोलीला स्वतःला बीआरसीए-१ मधील दोष असल्याचे कळल्यावर तिने आधी स्तन आणि २०१५ मध्ये अंडाशय व बीजनलिका काढून घेतल्या आणि त्याबद्दल जाहीरपणे लिहिले. त्यानंतर हे तांत्रिक नाव सामान्य घरांपर्यंत पोहोचले.

हा दोष रुग्णासाठी मात्र दुधारी आहे. तो कर्करोगाला जन्म देतो आणि त्याच कर्करोगाचे मर्मस्थानही ठरतो. दुरुस्ती जमत नसल्याने अशा गाठी कार्बोप्लॅटिनसारख्या डीएनए मोडणाऱ्या औषधांना जास्त चांगला प्रतिसाद देतात. २००५ मध्ये ‘नेचर’मधील दोन शोधनिबंधांनी पुढचा मार्ग दाखवला. गावाला जाणारे दोन रस्ते असतील आणि एक आधीच खचलेला असेल, तर दुसरा बंद करताच गावाचा पुरवठा तुटतो. बीआरसीएचा रस्ता खचलेल्या कर्करोगपेशीत ‘पार्प’ नावाच्या प्रथिनाचा दुसरा रस्ता औषधाने अडवला की ती मरते. निरोगी पेशींचा पहिला रस्ता सुरू असल्याने त्या तगतात. या तत्त्वावरचे ‘ओलापरिब’ २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ‘सोलो-१’ या चाचणीत बीआरसीए दोष असलेल्या ३९१ महिला होत्या. सात वर्षांनी ओलापरिब घेतलेल्या गटातील ६७ टक्के महिला हयात होत्या, औषधाविना असलेल्या गटात हे प्रमाण ४६.५ टक्के होते.

कर्करोग इथेही शिकतो. काही गाठींमध्ये बिघडलेल्या बीआरसीए जनुकात दुसरा बदल घडून ते पुन्हा चालू होते, असे २००८ मध्ये दिसून आले. पेशी दुरुस्ती करायला लागते आणि औषध निकामी होते.

प्रतिकारशक्ती या गाठीला ओळखते का?

ओळखते, आणि याचा ठोस पुरावा २००३ सालचा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज कुकोस आणि सहकाऱ्यांनी वाढलेल्या अवस्थेतील १८६ गाठी तपासल्या. निम्म्याहून थोड्या अधिक गाठींच्या आत, थेट कर्करोगपेशींच्या पुंजक्यांत टी-पेशी शिरलेल्या होत्या. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे मारेकरी सैनिक. ज्यांच्या गाठीत त्या सापडल्या त्यांच्यापैकी ३८ टक्के महिला पाच वर्षांनंतर जिवंत होत्या. ज्यांच्या गाठीत सापडल्या नाहीत, त्यांच्यापैकी अवघ्या ४.५ टक्के. उपचार साधारण सारखे असूनही हा फरक होता. २०१७ मध्ये अनेक देशांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठी एकत्र तपासल्या तेव्हाही हेच दिसले. हाय-ग्रेड सीरस प्रकारात टी-पेशी अजिबात नसलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान २.८ वर्षे, तर भरपूर असलेल्यांचे ५.१ वर्षे होते.

पण गाठीकडे स्वतःचा बंदोबस्त असतो. प्रतिकारशक्तीने आपल्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून तिला आवरणाऱ्या ‘नियामक’ टी-पेशी निसर्गाने दिलेल्या आहेत. अंडाशयाच्या गाठी रासायनिक संदेश पाठवून याच पेशी स्वतःभोवती गोळा करतात, हे २००४ मध्ये दाखवले गेले. काही गाठींमधील रक्तवाहिन्यांच्या भिंतीच अशा बदलतात की टी-पेशींना रक्तातून बाहेर पडून गाठीत उतरता येत नाही. रुग्णाच्या पोटात साठणारे पाणीही निव्वळ पाणी नसते. त्यात कर्करोगपेशींच्या सोबत प्रतिकारशक्तीला थोपवणारी रसायने आणि पेशी तरंगत असतात.

मग इम्युनोथेरपी अपुरी का पडते?

आज सर्वाधिक वापरली जाणारी इम्युनोथेरपी टी-पेशींवरचा ‘ब्रेक’ काढते. त्यासाठी टी-पेशी गाठीपर्यंत पोहोचलेल्या असाव्या लागतात आणि कर्करोगपेशीवर त्यांना ‘परके’ वाटेल असे काही दिसावे लागते. मेलानोमात उन्हामुळे, तर धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात धुरामुळे डीएनएच्या अक्षरांत असंख्य चुका झालेल्या असतात. त्यातून बनणारी विचित्र प्रथिने टी-पेशींच्या नजरेत भरतात. अंडाशयाच्या कर्करोगात अशा अक्षरचुका तुलनेने कमी असतात. इथे बिघाड वेगळाच आहे. पोथीतली अक्षरे बरीचशी शाबूत, पण पाने फाटलेली, काही दोन-दोनदा शिवलेली, काही उलटी लावलेली, अशी गुणसूत्रांची अवस्था असते. परकेपणाची खूण त्यामुळे पुसट राहते.

आकडे पुरेसे बोलके आहेत. ‘पेंब्रोलिझुमॅब’ हे गाजलेले औषध आजार उलटलेल्या ३७६ महिलांना एकट्याने दिले, तेव्हा शंभरांत साधारण आठ जणींच्याच गाठी ठळकपणे आकसल्या. ‘अॅटेझोलिझुमॅब’ची १,३०१ महिलांवरील चाचणीही आजार लांबवू शकली नाही. २०२५ मध्ये मात्र वेगळी बातमी आली. प्लॅटिनमयुक्त औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांमध्ये दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलला पेंब्रोलिझुमॅबची जोड दिल्यावर, गाठीत ‘पीडी-एल१’ ही खूण असलेल्या महिलांचे मध्यम आयुर्मान सुमारे चार महिन्यांनी वाढले. या आजाराच्या मापाने हे यश आहे, पण अनेकींच्या पदरी काहीच पडत नाही, हेही खरे.

त्यामागचे एक कारण २०१७ मध्ये ‘सेल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकाच रुग्णाच्या अभ्यासातून पुढे आले. केमोथेरपीच्या अनेक फेऱ्यांतून गेलेल्या या महिलेच्या शरीरात काही गाठी आपोआप आकसत होत्या आणि त्याच वेळी काही वाढत होत्या. आकसणाऱ्या गाठींत टी-पेशींची गर्दी होती, वाढणाऱ्या गाठींत त्यांना शिरकावच नव्हता. शरीर एक, आजार एक, तरी प्रतिकारशक्तीच्या लढाया वेगवेगळ्या. एका ठिकाणचा तुकडा काढून केलेली बायोप्सी अशा वेळी अर्धीच गोष्ट सांगते.

डीएनए मोडण्याची ‘पद्धत’ महत्त्वाची का?

याचा सर्वात खोलात जाऊन तपास न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधील सोहराब शाह आणि सहकाऱ्यांनी केला. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासात ४२ रुग्णांच्या पोटातील निरनिराळ्या जागांवरून १६० नमुने घेतले होते आणि जवळपास दहा लाख पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. त्यात दोन स्वभावांच्या गाठी स्पष्टपणे वेगळ्या पडल्या.

पहिला गट बीआरसीएसारख्या दुरुस्तीदोषाचा. या पेशींमध्ये मोडलेल्या डीएनएचे तुकडे केंद्रकाबाहेर सांडतात असे इतर प्रयोगांतून दिसले आहे. विषाणू शिरला तर जी धोक्याची घंटा वाजते, तीच त्याने वाजते आणि सैनिक धावून येतात. अशा गाठींत टी-पेशी आत शिरलेल्या, पण लढून दमलेल्या आढळल्या. सततच्या हल्ल्यात टिकून राहण्यासाठी काही कर्करोगपेशींनी ‘एचएलए’ हे आपले ओळखपत्रच गमावलेले होते. ओळखपत्र नसले की टी-पेशी समोरून जाऊनही ती पेशी तिला दिसत नाही.

दुसऱ्या गटात बीआरसीए यंत्रणा ठीक असते. तिथे गुणसूत्राचा तुटका तुकडा स्वतःवरच दुमडून त्याची आरशातल्यासारखी प्रत जोडली जाते. या गाठींत ‘टीजीएफ-बीटा’ या संदेशाचा जोर जास्त दिसला. तो भोवताली जणू तटबंदी उभारतो आणि टी-पेशी बाहेरच राहतात. याशिवाय अंडाशयाजवळची गाठ आणि पोटात दूरवर पसरलेली गाठ यांच्यातील प्रतिकारशक्तीचे चित्रही एकाच रुग्णात निराळे होते.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. पहिल्या गटात दमलेल्या सैनिकांना पुन्हा उभे करायचे आहे, दुसऱ्या गटात आधी तट फोडायचा आहे. दोन्हींना एकच औषध देऊन सरासरी काढली तर ते निरुपयोगी दिसणार. आतापर्यंतच्या मोठ्या चाचण्यांत बहुतांशी तेच झाले. अर्थात, जनुके पाहिली की सगळे उमगते असेही नाही. पार्प औषध आणि इम्युनोथेरपी एकत्र दिली तर पहिल्या गटात तरी जादू होईल, ही अपेक्षा मोठ्या चाचण्यांनी अद्याप पूर्ण केलेली नाही.

काही जणी दहा वर्षे कशा जगतात?

मेलबर्नच्या पीटर मॅककॅलम कॅन्सर सेंटरमधील डेव्हिड बोटेल यांच्या गटाने प्रश्न उलट बाजूने विचारला. वाढलेल्या अवस्थेत निदान होऊनही दहा वर्षांहून अधिक जगलेल्या ६० महिलांच्या गाठी त्यांनी लवकर दगावलेल्या महिलांच्या गाठींशी ताडून पाहिल्या. दीर्घकाळ जगलेल्यांत दुरुस्तीदोष आणि प्रतिकारशक्तीची सक्रियता जास्त आढळली. काहींत बीआरसीए दोषाबरोबरच ‘आरबी१’ हे जनुकही गमावलेले होते. पण सर्वांना लागू पडेल अशी एकच खूण सापडली नाही. प्रत्येकीच्या बाबतीत अनेक गोष्टी जुळून आल्या होत्या.

भारतातील स्थिती काय?

भारतीय रुग्णांवरील अभ्यासांत अंडाशयाचा कर्करोग झालेल्या साधारण पाचांतील एका महिलेत बीआरसीए दोष आढळतो. म्हणूनच घराण्यात कर्करोग असो वा नसो, या प्रकारच्या प्रत्येक रुग्णाची जनुकीय तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’मध्ये आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग आहे. तपासणी आणि तिच्याआधीचे समुपदेशन मात्र अजूनही मुख्यतः मोठ्या शहरांपुरतेच आहे. ओलापरिबसारखे औषध महिनोन् महिने घ्यावे लागते. त्याचा खर्च पेलणार नसेल तर तपासणी कशाला, असा विचार करून अनेक कुटुंबे ती टाळतात.

पण त्या अहवालाचा उपयोग रुग्णापुरता नसतो. आईत किंवा वडिलांत हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते, मुलगा असो की मुलगी. कुटुंबाचा इतिहास विचारला की आई, मावशी, आजी आठवतात. आत्या विसरली जाते. प्रत्यक्षात वडिलांकडून आलेला दोषही तितकाच धोक्याचा असतो. लग्नाच्या मुलींची नावे नकोत म्हणून अहवाल कपाटात ठेवला, तर बहिणी आणि लेकींना वेळेत सावध होता येत नाही.

इम्युनोथेरपीत भारताने अलीकडे एक मोठी मजल मारली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत दिल्या जातात. हा उपचार काही रक्त-कर्करोगांसाठी आहे. अंडाशयासारख्या घट्ट गाठींपर्यंत तो नेण्यात जगभर तीच अडचण येते. बदललेल्या टी-पेशींनाही तो तट ओलांडावा लागतो.

ज्यांना अजून आजार नाही त्यांचे काय?

बीआरसीए-१ दोष असलेल्या स्त्रियांना मुले झाल्यावर साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात अंडाशय व बीजनलिका काढून घेण्याचा सल्ला दिला जातो. धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो, पण त्याची किंमत म्हणजे ऐन चाळिशीत, किंवा त्याआधीच, एकाएकी येणारी रजोनिवृत्ती. उगम नलिकेत असल्याचे कळल्यावर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१० मध्ये वेगळी वाट धरली. आनुवंशिक धोका नसलेल्या महिलेची गर्भाशय काढण्याची किंवा नसबंदीची शस्त्रक्रिया होणारच असेल, तर अंडाशय तसेच ठेवून बीजनलिका काढून टाकायच्या. ही पद्धत आता अनेक देशांत रुळते आहे.

जनुके आणि प्रतिकारशक्ती या दोन्ही धाग्यांना एकत्र आणणारा आणखी एक प्रयत्न ऑक्सफर्डमध्ये सुरू आहे. प्राध्यापक अहमद अहमद यांच्या गटाला ‘ओव्हेरियनव्हॅक्स’ या लसीसाठी ‘कॅन्सर रिसर्च यूके’ने २०२४ मध्ये सहा लाख पौंडांपर्यंतचा निधी जाहीर केला. अगदी सुरुवातीच्या कर्करोगपेशींवर कोणती प्रथिने दिसतात ती शोधायची आणि टी-पेशींना ती आधीच ओळखायला शिकवायचे, अशी कल्पना आहे. तट उभारला जाण्यापूर्वी, नलिकेत मोजक्या पेशी बिघडल्या असतानाच सैनिक पोहोचावेत, हा त्यामागचा हिशेब. काम अद्याप प्रयोगशाळेच्या टप्प्यावर असून माणसांवरील चाचण्यांना आणि त्यापुढच्या मंजुरीला अनेक वर्षे लागतील. बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांपुढे तोवर शस्त्रक्रिया हाच सर्वात खात्रीचा पर्याय आहे.